अठरा तासांच्या गोष्टीत हरवलेला विद्यार्थी

जयंती आली की आमच्या वस्त्यांमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, पावाच्या तुकड्यावर दिवस काढीत, ग्रंथालयाचे दार उघडण्याआधी बाहेर उभे राहत. आम्ही हेच ऐकत मोठे झालो आणि पुढे माईक हातात आला तेव्हा आम्हीही हेच सांगितले. यात खोटे काही नाही. पण त्या अठरा तासांत तो विद्यार्थी नेमके काय लिहीत होता, कोणाशी वाद घालत होता, कशावर हसत होता, हे आमच्या भाषणांत कधी आले नाही. उपास सांगितला, निबंध सांगितला नाही.

हा विषय आमच्यापुढे आला तो एका मुलीमुळे. आमच्या अभ्यासवर्गाला येणारी ही मुलगी एम.ए. करते. सेमिनार पेपरसाठी तिने स्वतःच्या गावातल्या लग्नांचा विषय घेतला होता. तिच्या मार्गदर्शकांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितले, "तुम्ही लोक फार भावनिक होता. चळवळ वेगळी, अभ्यास वेगळा. दुसरा विषय बघा." ती रडली नाही, चिडलीही नाही. आमच्याकडे येऊन तिने एवढेच विचारले, "आपल्या विषयावर अभ्यास म्हणून लिहायचे तरी कसे?" आम्ही तिला शासनाने छापलेल्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालेचा पहिला खंड दिला आणि सांगितले, पहिलाच निबंध वाच, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला आहे. ती तिथेच बसून वाचू लागली. वाचताना ती दोनदा मोठ्याने हसली. त्या हसण्याने आम्हाला विचारात पाडले. बाबासाहेब वाचताना आम्ही पेटलो आहोत, रडलो आहोत. हसलो कधी?

आता हकीकत. १९१३ च्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांची मुदत, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांचा हिशेब एलिनॉर झेलियट यांनी दिला आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. शिकवणारे कोण? जॉन ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन, गोल्डनवायझर. पुढे १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी लिहिले की आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गबंधू आणि तिथले थोर प्राध्यापक. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तो आपल्या प्राध्यापकांना मित्र म्हणतो. या ओळीवर थोडे थांबले पाहिजे. तिथे त्याला कोणी 'तुम्ही लोक' म्हणत नव्हते.

या काळातले त्यांचे लेखन बघा. एम.ए. च्या वर्षात, १९१५ साली, त्यांनी प्राचीन भारतातील व्यापारावर लिहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्याची तारीख असलेले, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यावरचे ४२ पानांचे टंकलिखितही आहे. ते कित्येक दशके तसेच पडून होते. वसंत मून यांच्या हाती आले तेव्हा सहाव्या खंडात छापले गेले. विषय रुक्ष : महसूल, कर्ज, मीठ, अफू. पण कंपनीने इथून काय नेले आणि बदल्यात काय ठेवले याची बेरीज-वजाबाकी करताना हा विद्यार्थी राग आकड्यांत भरतो आणि शेवटी एक टोला असा हाणतो की गोऱ्या वाचकाने पान उलटायच्या आधी दोनदा विचार करावा. 'आंबेडकर इंग्रजधार्जिणे होते' असे आजही व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी ही ४२ पाने वाचावीत. ते वाचणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वाचा.

पण आम्हाला सांगायचे आहे ते ९ मे १९१६ विषयी. त्या दिवशी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने 'कास्ट्स इन इंडिया' हा पेपर वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि वाढ असा त्याचा विषय. वर दिलेली यादी पुन्हा बघा. मानववंशशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. २९ अभ्यासक्रम अर्थशास्त्राचे, आणि जो पेपर शंभर वर्षांनीही जगभर वाचला जातो तो चार अभ्यासक्रमांच्या बाजूच्या विषयातला. मुख्य विषय पोटासाठी आणि पदवीसाठी असतो. बाजूच्या विषयात माणूस मन रमते म्हणून जातो.

पेपरची सुरुवातच खेळकर आहे. समोर बसलेत अमेरिकन प्राध्यापक आणि विद्यार्थी. त्यांना हा तरुण सांगतो की तुम्ही वस्तूंची प्रदर्शने पाहिली असतील, पण मानवी संस्थांचे प्रदर्शन भरवता येते ही कल्पना थोड्यांनाच सुचते. पॉम्पेईचे भग्नावशेष बघायला गेलेल्या प्रवाशांची तो आठवण काढतो, तिथल्या बोलघेवड्या वाटाड्याची आठवण काढतो, आणि मग स्वतःच वाटाड्या होऊन श्रोत्यांना जातीच्या संस्थेत घेऊन जातो. विचार करा. ज्या संस्थेने त्याला पाणी वरून ओतून पाजले, ती संस्था तो काचेच्या कपाटात ठेवतो, हातात छडी घेतो आणि दाखवतो : मंडळी, हा तिचा खटका, हा तिचा दोरा, ही अशी चालते. नमुना म्हणून वर्षानुवर्षे ज्याला बघितले गेले तो आता बघणारा झाला. आमच्या मते या पेपरातला आनंद इथे आहे.

मग तो एकेका पंडिताला हाताशी घेतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ले हे तीन युरोपीय, आणि चौथे आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. हो, ज्ञानकोशकार केतकरच. ते कोलंबियाच्या आधीच्या पिढीतले, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले, आणि १९०९ साली जातींच्या इतिहासावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलेले. म्हणजे अमेरिकेत बसून जातीवर लिहिणारे दोन मराठी विद्यार्थी, एक ब्राह्मण आणि एक महार, थोड्याच वर्षांच्या अंतराने. दुसरा पहिल्याशी कसा वागतो ते बघण्यासारखे आहे. केतकरांची दृष्टी धारदार आणि मन खुले आहे असे मोकळेपणाने मान्य करतो, आणि लगेच त्यांची चूक दाखवतो. केतकर जातीची दोन लक्षणे सांगतात : जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जातीत जन्मलेल्यालाच सभासदत्व. हा तरुण म्हणतो, ही दोन लक्षणे नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की बाहेरून जन्माने आत यायची वाट आपोआपच बंद होते. झाले. चार व्याख्या घेतल्या, गाळल्या, आणि खाली एकच गोष्ट उरली : जातीतल्या जातीत लग्न.

इथून पुढचा भाग म्हणजे एखाद्याने गणित सोडवावे तसा आहे. हिंदुस्थानात मुळात बहिर्विवाहाची चाल होती, सगोत्र लग्न आजही टाळतात. अशा समाजात एखाद्या गटाने ठरवले की आता आपण आपल्यातच लग्ने करायची, तर अडचण कोणती येईल? गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने असले पाहिजेत. पण मरण सांगून येत नाही. नवरा मेला, बायको उरली. बायको मेली, नवरा उरला. ही उरलेली माणसे म्हणजे 'अतिरिक्त स्त्री' आणि 'अतिरिक्त पुरुष'. त्यांना मोकळे सोडले तर ती एकतर जातीबाहेर लग्न करतील, नाहीतर जातीतल्याच दुसऱ्या कोणाचा जोडीदार पळवतील. कुंपण मोडेल. मग करायचे काय?

अतिरिक्त स्त्रीसाठी दोन उपाय. तिला नवऱ्याच्या चितेवर जाळा. हे सगळीकडे जमण्यासारखे नाही, म्हणून दुसरा उपाय, तिला आयुष्यभर विधवा ठेवा आणि तिच्याकडे कोणाची नजर जाणार नाही असे करा. अतिरिक्त पुरुषाचे मात्र कठीण. तो नियम करणारा आहे, कामाचा आहे, त्याला जाळून कसे चालेल? संन्यास घ्यायला लावावे तर तो घेणार नाही, आणि घेतला तरी गटाची संख्या घटते. मग त्याला बायको द्यायची. कुठून आणायची? लग्नाच्या वयाच्या मुलींपैकी दिली तर दुसऱ्या कोणाच्या वाट्याची जाते. म्हणून अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून द्यायची. म्हणजे बालविवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तीन वेगवेगळे 'सामाजिक दोष' म्हणून सुधारक ज्यांच्यावर व्याख्याने झोडत, ते तिन्ही या पंचवीस वर्षांच्या तरुणाने एका सूत्रात ओवून दाखवले. ही जातीची दुखणी नव्हेत, ही जातीची अवजारे आहेत.

आमच्या अभ्यासवर्गातली मुलगी हसली ती पहिल्यांदा इथे, विधुराच्या प्रश्नावर. पुरुषाला जाळणे किती गैरसोयीचे आहे हे तो इतक्या गंभीर, इतक्या शास्त्रीय चेहऱ्याने सांगतो की वाचणाऱ्या बाईला हसू फुटते आणि मग ते घशात अडकते. या जागी आरडाओरड केली असती तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. शर्मिला रेगे यांनी २०१३ साली मनूविषयीच्या बाबासाहेबांच्या लेखनाचे जे संपादन केले, त्यात हा विद्यार्थिदशेतला निबंध घेतला, तो उगाच नव्हे. जात आणि बाईचे शरीर यांची गाठ कुठे बसलेली आहे हे आपल्या विद्यापीठांतून शिकवले जाऊ लागले त्याच्या कितीतरी आधी हा पेपर वाचून झालेला होता.

पुढचा प्रश्न : एका गटाने दार लावून घेतले, पण बाकीच्यांनी का लावले? त्याचे उत्तर म्हणजे अनुकरण. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा सिद्धांत तो वापरतो. अनुकरण वरून खाली वाहते आणि जवळचा जास्त करतो, लांबचा कमी. तेव्हा ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत तिन्ही चाली कडक असणार, त्याहून लांब असलेल्यांत वैधव्य आणि बालविवाह, त्याहून लांब फक्त बालविवाह, आणि सर्वांत लांब असलेल्यांत नुसता जातीवरचा विश्वास. हे पडताळायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. महाराष्ट्रातच बघा. ब्राह्मणांत विधवेचे केशवपन. स्वतःला वरचे म्हणवणाऱ्या मराठा कुळांत विधवेचा पुनर्विवाह नाही. आणि खाली कुणबी, माळी, महार, मांग यांच्यात पाट लावण्याची चाल उघड होती. आमच्या आज्या-पणज्यांत कितीतरी जणी पाटाच्या होत्या. मग घरात दोन पैसे आले, शहाणपण आले, आणि 'आपल्यात पाट लावत नाहीत' असे सांगण्यात प्रतिष्ठा वाटू लागली. भीमरावांचा सिद्धांत आमच्या घराच्या ओसरीवर असा चालत आला. गावातल्या लग्नांचा विषय घेणारी ती मुलगी भावनिक नव्हती, ती नेमक्या जागी बोट ठेवत होती.

सगळ्यांनी दार लावून घेतले असेही नाही. काहींनी लावले, आणि बाकीच्यांना ते आपल्यासाठी लागलेले आढळले. त्यात बहिष्काराची भर. नियम मोडणाऱ्याला बाहेर काढले, बाहेर काढलेल्यांचा गट झाला, आणि त्या गटालाही शेवटी जातच व्हावे लागले. एकच जात असूच शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनी असतात, हा त्यातला मुद्दा.

आता एक कडू गोष्ट, आणि ती आपल्याच लोकांना सांगायची आहे. या पेपरात भीमराव जातीचा उगम वंशात शोधणारी मांडणी नाकारतात. रंग आणि रक्त यांच्या आधारे जात समजावणारे युरोपीय पंडित स्वतःच्या पूर्वग्रहाने बघतात, असे ते स्पष्ट म्हणतात. हिंदुस्थानची प्रजा वंशाने मिसळलेली आहे, आणि तिच्यात सांस्कृतिक एकता आहे म्हणूनच जात हा प्रश्न इतका अवघड आहे, कारण एकसंध वस्तूचे तुकडे कसे पडले हे सांगावे लागते. आज आपल्यातले काही वक्ते डीएनएचे कागद फडकावून आपण मूळचे आणि ते परके असे सांगत फिरतात. टाळ्या पडतात. त्यांच्या तळमळीवर आम्ही शंका घेत नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली आर्य आक्रमणाची मांडणी केली तेव्हा तिचे काम वेगळे होते. तिने पुराणांतल्या देवांना जमिनीवर ओढले. पण बाबासाहेबांनी विद्यार्थी असताना जी वंशाची वाट सोडली, ती पुन्हा धरली नाही. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात आर्य आक्रमणाचा सिद्धांत खोडून काढला, आणि तोच ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. गुरूला मानणे आणि गुरूच्या मांडणीशी असहमत होणे एकाच पुस्तकात जमते. आपल्याला ते का जमू नये?

मनूविषयीही तसेच. पेपरात ते म्हणतात की जात मनूने निर्माण केली नाही, कोणा एका माणसाची ती ताकदच नाही. जात मनूच्या आधीपासून होती, मनूने तिला कायद्याचा आणि तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला. मग ११ वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृती का जाळली, असे विरोधक खोचून विचारतात. उत्तर त्यांच्याच प्रश्नात आहे. ज्याने कुलूप घडवले नाही पण किल्ली कमरेला लावून पहारा केला, त्याचा पहारा उठवावाच लागतो.

पेपर परिपूर्ण आहे असे आमचे म्हणणे नाही. पहिले दार ब्राह्मणांनी लावले हे तो सांगतो, पण का लावले हा प्रश्न पुढच्या खेपेसाठी ठेवतो. आणि त्याहून मोठी गोष्ट : अस्पृश्यता जवळजवळ नाहीच. लिहिणारा अस्पृश्य आहे याचा पत्ता वाचणाऱ्याला लागत नाही. 'मी' आहे तो तर्क करणारा 'मी' आहे, सोसणारा नाही. या विषयावर भावना बाजूला ठेवूनच बोलले पाहिजे असे तो बजावतो, आणि कोणी आपली उपपत्ती चुकीची ठरवली तर ती सोडायची तयारीही दाखवतो. हे वाचून तुमच्यापैकी काही म्हणतील, मग त्या मार्गदर्शकांचे तरी काय चुकले? तेही तेच सांगत होते.

नाही. ते विषय सोडायला सांगत होते. भीमरावांनी विषय घट्ट धरला आणि आवाज निवडला. शिवाय तो एकच आवाज आपल्याकडे आहे असे नाही. याच्या साठ-एक वर्षे आधी, १८५५ साली, पुण्याला जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो दोन हप्त्यांत छापून आला. आमच्या समजुतीप्रमाणे आपल्या लेखनाचा इतिहास या शाळकरी निबंधापाशी सुरू होतो, कोणा कवितासंग्रहापाशी नाही. तिथे 'मी' आणि 'आम्ही' लपलेले नाहीत. पेशवाईत तालमीसमोरून गेलेल्या मांग-महाराचे मुंडके कापून तलवारीने चेंडूफळी खेळत हे ती सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल सांगते. आणि मग चौदा वर्षांची ही पोर असा तर्क लावते की वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्हाला ग्रंथ नाही, ग्रंथ नाही तर आम्ही धर्मरहित, मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे. दुःख सांगता सांगता ती थेट तर्कशास्त्राच्या गाभ्यात शिरते. भीमराव तर्क करता करता दुःखापाशी येऊन पोचतात. दोन्ही विद्यार्थी. दोन्ही पेपर. 'भावनिक' आणि 'शास्त्रीय' ही वाटणी कोणी केली आणि कोणाच्या सोयीसाठी केली, एवढेच विचारायचे.

ही वाटणी आता सरकारी कागदावरही आली आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२२ साली नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी शिकायला पाठवणारी ही शिष्यवृत्ती. नवा नियम असा की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. त्यासाठी साधने देशातच आहेत, हा युक्तिवाद. आता ही चाळणी १९१३ च्या भीमरावांना लावून बघा. प्राचीन भारतातील व्यापार : इतिहास, बाद. ईस्ट इंडिया कंपनी : इतिहास, बाद. जातींचा उगम : भारताविषयीचा सामाजिक अभ्यास, बाद. एका संस्थानिकाने १९१३ साली जी अट घातली नाही, ती प्रजासत्ताकाने घातली. अभियांत्रिकीला जा, एमबीएला जा, जरूर जा. फक्त जातीला काचेच्या कपाटात ठेवून जगाला दाखवायला जाऊ नका. केतकरांच्या पुस्तकातला एक मुद्दा भीमरावांनी पेपरात उचलला होता, की हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घालणारा ठराव केला. ज्या देशात हा पेपर वाचला गेला त्याच देशात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले तशाच आशयाचे विधेयक दोन्ही सभागृहांतून पास होऊनही राज्यपालांच्या सहीपाशी अडले. जगाला या विषयाचे अभ्यासक हवे असताना आमच्या पोरांच्या वाटेत दोरी बांधली जाते.

उरलेल्या पेपरांविषयी थोडक्यात. डॉक्टरेटसाठी लिहिलेला भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरचा प्रबंध वाढवून १९२५ साली लंडनला छापला गेला. प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी मिळत नसे, म्हणून कोलंबियाची पीएच.डी. हातात पडायला १९२७ उजाडले. लंडनला रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२२ साली सादर केला तेव्हा परीक्षकांना त्यातली भाषा झोंबली आणि तो सौम्य करून पुन्हा द्यावा लागला, असे चरित्रकार सांगतात. पुस्तक निघाले तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवले आणि तरीही त्यातल्या ताजेपणाचे कौतुक केले. गुरू मतभेद लिहून ठेवतो आणि विद्यार्थी ते आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांत छापतो. आमच्या विद्यापीठांत असे कधी बघायला मिळाले तर आम्ही पेढे वाटू.

आणि या सगळ्या काळात परळच्या चाळीत रमाई होत्या, हे लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. पेपरातली 'अतिरिक्त स्त्री' ही एक संज्ञा आहे. तो पेपर लिहून व्हावा म्हणून मुंबईत तगून राहिलेली बाई संज्ञा नव्हती.

'कास्ट्स इन इंडिया' १९१७ च्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. ऑगस्टमध्ये भीमराव मुंबईला उतरले. वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान, त्यात जमवलेली पुस्तके, जर्मन पाणबुडीच्या तडाख्यात तळाला गेली होती. त्या सामानाच्या भरपाईतून बडोद्याला जाण्याचा खर्च भागला, असे धनंजय कीरांनी लिहिले आहे. बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी असल्याचे सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात जागा घेतली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत जागा सोडा असे बजावले गेल्यावर ते बाहेर पडले आणि गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले. जातीचा सिद्धांत छापून आल्याला तेव्हा काही महिनेच झाले होते.

पुढे 'जातिनिर्मूलन' आले, १९३६ साली, स्वखर्चाने छापलेले. त्यात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असे ते म्हणतात तेव्हा तो वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचाच निष्कर्ष असतो. जातीतल्या जातीत लग्न ही जर जातीची जीवनपेशी, तर घाव तिथेच घालायचा. हिंदू कोड बिलात विवाहाच्या कलमांसाठी ते का झुंजले, हेही त्या पेपरच्या उजेडात वाचायला हवे. १९४४ साली 'जातिनिर्मूलना'च्या तिसऱ्या आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तोवर ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले होते. त्या प्रस्तावनेत ते सांगतात की पुस्तकाची नव्याने मांडणी करून त्यात आपला 'इंडियन अँटिक्वरी'तला जुना निबंध गुंफायचा मनात होते. पण सवड झाली नाही, म्हणून आहे तसेच छापत आहे.

ती मुलगी आता तिच्या गावातल्या पाटाच्या लग्नांची यादी करते आहे. तिच्या आजीला पंधरा नावे पाठ आहेत. मार्गदर्शक अजून राजी नाहीत. पेपरची तारीख पुढच्या महिन्यात आहे.